नळीमागच्या रेषा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले, मोठमोठे डॉक्टर बोलले. मी डिप्लोमावाला माणूस. बारावीनंतर डीएमएलटी केलं आणि गेली बावीस वर्षं गुजरात सरकारच्या आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, नळीत घालायचं, मशिनला लावायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे सचिवांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, रक्तदान शिबिरासाठी असेल. पण ते म्हणाले, "अरे, कॉम्प्युटरला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं म्हणतात, ते काय प्रकरण आहे? तू लॅबमध्ये आहेस ना, सांग की आपल्या लोकांना."

नोबेल कॉम्प्युटरला नाही मिळालं, माणसांनाच मिळालं. २०२४ साली, डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर या तिघांना. प्रथिनांचा, म्हणजे प्रोटीनचा, आकार कॉम्प्युटरवर ओळखण्यासाठी आणि नवी प्रथिनं कॉम्प्युटरवर घडवण्यासाठी. यावर मी जे वाचलं आणि माझ्या टेबलावर जे रोज पाहतो, त्या दोन्हींची सांगड घालून बोलणार आहे. चुकलं तर इथे बसलेल्या डॉक्टर मंडळींनी शेवटी कान धरावा.

हे बघा, माझ्या हातात दोन काचेच्या नळ्या आहेत. घाबरू नका, रक्त नाही. एकीत कोकम सरबत आहे आणि दुसरीत सोलकढी. बायकोने सकाळी करून दिली. मागे हा पांढरा कागद धरतो, त्यावर काळ्या रेषा मारल्यात. सरबताच्या नळीतून रेषा दिसतात. सोलकढीतून दिसत नाहीत. झाली तपासणी.

सिकलसेलची पहिली चाचणी अगदी अशीच असते. आमच्या भाषेत डीटीटी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा एक थेंब टाकायचा. द्रावण लाल पेशी फोडतं आणि आतल्या हिमोग्लोबिनचा प्राणवायू काढून घेतं. पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे रेषा धरायच्या. दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ झालं आणि रेषा दिसेनाशा झाल्या, तर त्या माणसाच्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. तो नुसता वाहक आहे की आजारी, हे या नळीत कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी नावाच्या मशिनवर नमुना लावावा लागतो. गुजरातेत दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत २००६पासून हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू आहे, आणि २०२३च्या जुलैपासून तर देशभर अभियान आहे. ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार हटवायचा.

माझे आजोबा टॅप्टी लाईनने खानदेशातून सुरतेला आले. आपल्यापैकी निम्म्या घरांची गोष्ट हीच असेल. त्या लाईनवर नवापूर स्टेशन लागतं. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. सिकलसेलचंही तसंच आहे. नंदुरबारच्या पाड्यात आहे, तापी जिल्ह्यात आहे, डांगात आहे, वलसाडला आहे, आणि तिकडे विदर्भात गडचिरोलीपर्यंत आहे. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो जास्त सापडतो, कारण वाहक असलेल्या माणसाला मलेरिया तितका जोरात धरत नाही.

आता नळी गढूळ का होते? इथूनच प्रथिनांच्या आकाराची गोष्ट सुरू होते.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. मणी २० प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात. दोन १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. पण माळ सरळ राहत नाही. ती वळते, गुंडाळते, आणि प्रत्येक प्रथिनाची गुंडाळी ठरलेली असते. काकू, कल्पना करा की तुम्ही पातेल्यात नुसती उकड टाकली आणि झाकण काढलं तर आत अकरा पाकळ्यांचा मोदक तयार. दर वेळी अकराच, एक कमी नाही, एक जास्त नाही. शरीरातली प्रथिनं तशी वळतात. आणि त्या आकारावरच त्यांचं काम ठरतं. आकार कसा होणार हे मण्यांच्या क्रमातच लिहिलेलं असतं, हे ज्यांनी दाखवलं त्या क्रिश्चियन अनफिन्सेन यांना १९७२ साली नोबेल मिळालं. पण लिहिलेलं असणं वेगळं आणि आपल्याला वाचता येणं वेगळं. मण्यांचा क्रम बघून आकार सांगणं काही कुणाला जमेना.

मग आकार बघायचा कसा? प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि फिल्मवर जे ठिपके उमटतील त्यावरून गणित मांडायचं. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनवर हे काम १९३७ साली सुरू केलं. आकार छापून आला १९६० साली. तेवीस वर्षं! एका प्रथिनासाठी! मधे एक महायुद्ध होऊन गेलं. मला माझ्या रिटायरमेंटपर्यंतचा हिशोब आठवला.

तोपर्यंत सिकलचं कोडं दुसऱ्या बाजूने सुटत आलं होतं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका मणी शोधला. १४६ मण्यांच्या माळेतला सहावा. तिथे ग्लुटामिक आम्ल हवं, तर व्हॅलिन बसलंय. पहिल्याला पाणी आवडतं, दुसरा तेलकट. हा तेलकट मणी नेमका रेणूच्या बाहेरच्या अंगाला येतो. प्राणवायू असेपर्यंत काही होत नाही. प्राणवायू सुटला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हा मणी तिच्यात जाऊन बसतो. त्या रेणूला तिसरा चिकटतो, त्याला चौथा. एका लाल पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. ते असे साखळ्या धरू लागले की दोर वळले जातात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. रोग्याला असह्य कळा येतात. आमच्या नळीतलं गढूळपण तेच. कॉम्प्युटर नाही, मायक्रोस्कोप नाही. एका मण्याची चूक डोळ्यांना दिसते. बावीस वर्षांनंतरही नळी गढूळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता कॉम्प्युटरकडे येतो, पण थेट लंडनला नको, वाटेत पुण्याला थांबू. पेपरात वाचलं की वाटतं, हे सगळं परदेशात आणि काल-परवा झालं. तसं नाही.

मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन नावाचे शास्त्रज्ञ होते. माळ वळताना दोन मण्यांमधला सांधा किती अंशांतून फिरू शकतो आणि कुठे फिरूच शकत नाही, याचा नकाशा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली काढला. आज जगात कुठेही, कुणीही प्रथिनाचा आकार मांडला की तो आधी 'रामचंद्रन नकाशा'वर ताडून बघतात. याच रामचंद्रन यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात शोधनिबंध लिहिणारे एक मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. अशोक कोळस्कर. पुढे ते पुणे विद्यापीठात आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे जैवमाहितीशास्त्राचं केंद्र उभं राहिलं. नंतर ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९९० साली कोळस्कर आणि टोणगावकर यांनी एक पद्धत छापली. जंतूच्या प्रथिनातला कोणता तुकडा आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, हे नुसत्या मण्यांच्या क्रमावरून सांगायची. सुमारे ७५ टक्के वेळा उत्तर बरोबर येत असे. लस करणाऱ्याला याचा उपयोग काय? शंभर तुकडे तपासण्याऐवजी दहा तपासायचे. ही पद्धत आजही त्या दोघांच्या नावानेच जगभर वापरली जाते.

मग १९९९ साली कोळस्कर आणि डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर काम केलं. हा डासांतून येणारा ताप, लहान मुलांचा मेंदू पोखरणारा. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचा आकार तेव्हा कुणी पाहिला नव्हता. पण त्याच्या एका भावकीतल्या विषाणूचा, गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा, आकार १९९५ साली क्ष-किरणांनी कळला होता. आपण मोठ्या बहिणीच्या मापावरून धाकटीचं पोलकं बेततो, कुठे दोन बोटं कमी, कुठे अर्धं जास्त. तसा त्यांनी कॉम्प्युटरवर आकार बेतला आणि त्यावर प्रतिकारशक्तीच्या खुणेच्या जागा दाखवल्या. प्रत्यक्ष क्ष-किरणांचं चित्र आलं २०१२ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. दरम्यान २००५ साली पुण्याच्या केंद्राने हीच जागा शोधण्याची सोय इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करून दिली.

मला या गोष्टीचं फार वाटतं. आपण दरवर्षी आरतीनंतर परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचे सत्कार करतो, करावेतच. पण पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर बसून ज्यांनी हे केलं त्यांची नावं मला स्वतःला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. असो.

भावकीतलं कुणी ओळखीचं असेल तर माप बेतता येतं. नसेल तर? तिथे गाडी अडली होती. १९९४पासून दर दोन वर्षांनी एक जागतिक परीक्षा होते, कॅस्प नावाची. (१९९४ म्हटलं की आपल्याला प्लेग आठवतो. विसर्जन झालं आणि आठवड्याभरात अर्धं सुरत स्टेशनवर. त्याच साली ही परीक्षा सुरू झाली.) क्ष-किरणांनी नुकतेच सापडलेले पण अजून न छापलेले आकार लपवून ठेवायचे, मण्यांचा क्रम तेवढा द्यायचा आणि आकार ओळखा म्हणायचं. चोवीस-पंचवीस वर्षं अवघड प्रश्नांत बहुतेक नापास. २०२०च्या परीक्षेत गूगलच्या डीपमाइंडचा 'अल्फाफोल्ड' बसला आणि त्याला १०० पैकी ९२च्या आसपास गुण पडले. परीक्षकांना आधी शंका आली, म्हणे.

त्याने केलं काय? आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या वह्या घ्या. समजा, कोण कुठे राहतं हे तुम्हाला माहीत नाही, नुसती नावं आणि वर्षं आहेत. पण तुमच्या लक्षात आलं की ज्या वर्षी पाटलांची पावती बंद झाली त्याच वर्षी सोनारांचीही झाली, आणि पुढे दोन्ही एकदमच परत सुरू झाल्या. मग तुम्ही म्हणाल, ही घरं एका चाळीतली असणार, चाळ पाडली तेव्हा दोघं हलले. प्रथिनांचंही तसंच. एकच प्रथिन माणसात, माशात, यीस्टमध्ये, जंतूत थोडं थोडं वेगळं असतं. कोट्यवधी वर्षांच्या या वह्या ताडून बघितल्या की कळतं, पंचविसावा मणी बदलतो तेव्हा नव्वदावाही बदलतो. म्हणजे माळेत लांब असले तरी गुंडाळीत ते शेजारी आहेत. याच्या जोडीला १९७१पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी एका सार्वजनिक भांडारात जमा केलेले दीड-पावणेदोन लाख खरे आकार. त्यावर हे यंत्र शिकलं. त्या भांडारातल्या प्रत्येक आकारामागे कुणाची तरी दोन-चार वर्षं आहेत, हे विसरायला नको. पेरुट्झना तर तेवीस लागली.

२०२२च्या जुलैपर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाज केलेले आकार फुकट उघडून ठेवले गेले. पन्नास वर्षांत मेहनतीने जमले होते जेमतेम दोन लाख. मी स्वतः फोनवर उघडून बघितलं. आकार रंगीत असतो. गडद निळा भाग म्हणजे यंत्राला खात्री आहे, पिवळा-नारिंगी म्हणजे त्यालाही शंका आहे. हे मला आवडलं. आमच्या खात्यात शंका आहे असं लिहायला रकानाच नसतो.

सुरतेच्या माणसाला हे पटकन कळेल. पूर्वी कच्चा हिरा हातात घेऊन जुना जाणता माणूस शाईने खूण करायचा, इथून कापा. आता मशीन हिरा आतून-बाहेरून स्कॅन करतं आणि स्क्रीनवर दाखवतं, यातून असा घाट निघेल, एवढ्या वजनाचा. वेळ किती वाचला! पण स्क्रीनवरचा हिरा कुणी अंगठीत बसवत नाही. तो घंटीवर जावा लागतो आणि तिथे रत्नकलाकाराचाच हात लागतो. अल्फाफोल्डचं चित्र हे असं प्लॅनिंग आहे. शास्त्रज्ञ ते घेतात आणि प्रयोगात घासून बघतात. क्ष-किरणांचं अडलेलं गणितसुद्धा आता हे अंदाजाचं चित्र आधाराला घेऊन सोडवतात, म्हणजे वर्षाचं काम कधी कधी आठवड्यांत होतं.

ऑक्सफर्डला मॅथ्यू हिगिन्स यांचा गट मलेरियाच्या परोपजीवीवरच्या एका प्रथिनामागे कैक वर्षं होता. माणसाला नव्हे तर डासाला होणारी लागण तोडणारी लस त्यावर बेतायची होती. त्यांचं धूसर चित्र अल्फाफोल्डच्या अंदाजाशी जुळवल्यावर स्पष्ट झालं. दुसरं उदाहरण सापाचं, कारण तेही माझ्या टेबलावर येतं. पावसाळ्यात शेतातून साप चावलेला माणूस आला की आम्ही त्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतो आणि वीस मिनिटं हलवत नाही. मग तिरकं करून बघतो. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं. प्रतिविष अजूनही घोड्याला थोडं थोडं विष टोचून बनवतात. मुंबईचं हाफकिन आपल्याला त्यासाठीच माहीत आहे. २०२५च्या जानेवारीत बेकर यांच्या गटाने एक काम प्रसिद्ध केलं. नागाच्या कुळातल्या विषातली तीन बोटांसारखी दिसणारी जी विषारी प्रथिनं असतात, त्यांच्यावर नेमकं बसेल असं छोटं प्रथिन कॉम्प्युटरवर घडवलं, आणि त्याने उंदरांना मरणातून वाचवलं. घोडा नाही. हे अजून उंदरांपर्यंतच आहे आणि घोणसाच्या विषाला ते लागू नाही, पण आमच्या दवाखान्यात ज्याने हात-पाय सुजलेलं पोर बघितलं आहे त्याला ती बातमी वाचून झोप येत नाही.

मलाही आली नाही. दुसऱ्या दिवशी मी फोनवर हिमोग्लोबिनचं रंगीत चित्र उघडून लॅबमध्ये सगळ्यांना दाखवत होतो. समोर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा सिकलचा रोगी, वाहक नव्हे, पूर्ण आजारी. थंडी पडली की पाय धरून रडतो. त्या ऊसतोडीच्या मजुरीतून खाडा करून त्याची तपासणी करायला आणतात. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि त्यांच्या बोलीत विचारलं, "साहेब, ह्यात माझ्या पोराचं औषध आहे?"

मी काहीतरी बोललो. शास्त्रज्ञ काम करत आहेत वगैरे. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा खरं उत्तर सापडलं, आणि ते मला आज इथे सांगायचं आहे.

हे यंत्र एका मण्याच्या चुकीचा परिणाम सांगण्यासाठी बनवलेलंच नाही, असं त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलंय. निरोगी हिमोग्लोबिन आणि सिकलचं हिमोग्लोबिन, दोन्हींच्या माळा त्याला द्या. चित्रं जवळजवळ सारखीच येतील. आणि त्यात यंत्राची चूकही नाही, कारण एकटा रेणू खरोखरच जवळजवळ सारखा दिसतो. दोष त्याच्या आकारात नाही, प्राणवायू सुटल्यावर तो शेजाऱ्याशी कसा वागतो त्यात आहे. लाख रुपयांचं स्क्रीन जे दाखवत नाही ते माझी साधी नळी पाच मिनिटांत दाखवते.

दुसरी गोष्ट अजून कडू. हिमोग्लोबिनचा आकार तर १९६०पासून माहीत आहे. जगात सगळ्यात आधी कळलेल्या आकारांपैकी तो एक. मग औषध कुठे आहे? त्या मुलाला आज आम्ही जी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल देतो ती मूळची कर्करोगावरची. तिचा धागा मिळाला तो जॅनेट वॉटसन या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या निरीक्षणातून. १९४८ साली त्यांनी पाहिलं की सिकलच्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. कारण त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ही कॅप्सूल तेच पुन्हा थोडं वाढवते. आकार बघून, त्यावर बरोबर बसेल असं नेम धरून एक औषध बनलं, व्हॉक्सेलोटर नावाचं. २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. रक्ताचे आकडे सुधारले. आणि सप्टेंबर २०२४मध्ये कंपनीनेच ते जगभरातून परत घेतलं, कारण रोग्यांत कळा आणि मृत्यू जास्त दिसू लागले. नोबेल जाहीर व्हायच्या दोन आठवडे आधी. जीन दुरुस्त करण्याचा उपचार २०२३च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. तेव्हा किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १८ कोटी रुपये. ऊसतोडीची मजुरी किती, ते तुम्हाला माहीत आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्त पर्यायावर काम चालू आहे, त्याची मी वाट बघतोय.

म्हणून त्या बाई पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मी सरळ सांगितलं, "बेन, त्या चित्रात तुमच्या मुलाचं औषध नाही. दुसऱ्या पुष्कळ रोगांची वाट त्यातून सापडेल. ह्याला कॅप्सूल रोज, पाणी भरपूर, थंडीत अंगभर कपडे." त्या म्हणाल्या, "एवढं आधीच सांगायचं की." मग बरोबर आणलेल्या धाकट्या नणंदेला पुढे केलं. तिचं लग्न ठरत होतं. तिची नळी गढूळ निघाली. वाहक. मुलाकडच्यांची तपासणी झाली, तो वाहक नव्हता. लग्न झालं.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्याला वाटतं, हा आदिवासींचा आजार, आपला नाही. माझ्याच नात्यात, खानदेशातल्या एका शिकलेल्या घरात, पत्रिका जुळवली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. रक्त कुणी बघितलं नाही. कशाला बघतील? दोघं वाहक. वाहकाला सहसा कसलाही त्रास नसतो, त्यामुळे कळायला मार्ग नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता पूर्ण आजारी मुलाची. पहिलं बाळ आठ महिन्यांचं झालं आणि हातापायांची बोटं सुजायला लागली. तीन डॉक्टर झाले. शेवटी मला फोन आला. नमुना मीच लावला. ती नळी हातात घेऊन मी किती वेळ रेषा शोधत होतो ते सांगता येत नाही.

मी त्या घरी गेलो तेव्हा मुलीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात असं काही नाही, तुमचं मशीन चुकलं असेल." ती नळी होती, मशीन नव्हतंच. एचपीएलसीवर दुसऱ्यांदा लावलं. तेच आलं. ते मूल आता सहा वर्षांचं आहे. शाळेत जातं, कॅप्सूल घेतं, चित्रं छान काढतं.

तर मंडळी, परवा रविवारी सकाळी आरतीनंतर दहा ते एक, हॉलच्या मागच्या खोलीत मी टेबल लावणार आहे. वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली आहे, किट आणि नळ्या आहेत, माझ्याबरोबर एक सहकारी भगिनी असतील. लग्नाच्या वयाची मुलं-मुली आणि नवी जोडपी यांनी आधी यावं. उपाशी यायची गरज नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही चाचणी खात्रीची नसते, त्याला आणू नका, आई-वडिलांनी यावं. बोटाला सुई टोचायची आणि पाच मिनिटं बसायचं. निकाल चारचौघांत सांगणार नाही, ज्याचा त्याला. गढूळ निघाली तर पुढच्या मशिनच्या तपासणीसाठी कुठे, कधी जायचं ते मी लिहून देईन, आणि हवं तर बरोबर येईन.

या दोन नळ्या इथे टेबलावर ठेवतो. सरबत कुणीही प्या. सोलकढी मला परत द्या, दुपारच्या जेवणाला लागेल.